आधी प्रोटॉन मोजा: अणुरचना आणि समस्थानिकं, पायरी पायरीने

अकरावीला नुकतीच आलेली एक मुलगी वर्ग सुटल्यावर थांबली आणि वहीत घडी घालून ठेवलेला कागद तिने माझ्यापुढे धरला. गावातल्या बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल होता. एका ओळीखाली पेनाने दोनदा रेघ मारलेली: फ्लोराइड, २.१ मिलिग्रॅम प्रति लिटर. तिने विचारलं, "सर, हे फ्लोराइड म्हणजे फ्लोरिनचं समस्थानिक का हो?"

दारात घुटमळणाऱ्या पोरांपैकी एकाने "हो" म्हटलं, दुसऱ्याने "नाही". का, असं विचारल्यावर दोघेही चपला शोधायला लागले.

मी उदगीरला रसायनशास्त्र शिकवतो. आमच्याकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात 'अणुअंक' आणि 'अणुवस्तुमानांक' पाठ करून येतात. अकरावीत तेच शब्द 'ॲटॉमिक नंबर' आणि 'मास नंबर' होऊन समोर येतात, आणि आधीच जेमतेम बसलेली गोष्ट परत विस्कटते. व्याख्या विचारा, घडाघडा म्हणतील. क्लोराइड आयनात इलेक्ट्रॉन किती, असं विचारलं की पंख्याकडे बघतील. म्हणून मी हा धडा व्याख्यांनी सुरू करत नाही, मोजणीने करतो. वही-पेन घेऊनच वाचा, मध्ये मध्ये गणितं आहेत.

पायरी १: अणू किती रिकामा आहे ते आधी बघा

अणूत तीन कण. प्रोटॉनवर धन प्रभार, इलेक्ट्रॉनवर तेवढाच ऋण प्रभार, न्यूट्रॉनवर काहीच नाही. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मधल्या केंद्रकात, इलेक्ट्रॉन बाहेर. वजनात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जवळपास सारखे, न्यूट्रॉन किंचित जड. इलेक्ट्रॉन मात्र फारच हलका: १८३६ इलेक्ट्रॉन एकत्र केले तेव्हा कुठे एका प्रोटॉनइतकं वस्तुमान होतं. म्हणून अणूचं वजन काढताना इलेक्ट्रॉन धरतच नाहीत.

इतकं सगळ्यांना येतं. न येणारी गोष्ट म्हणजे मापं. एका मीटरचे एक हजार कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे साधारण अणूचा व्यास. आणि केंद्रक त्याहून दहा हजार ते एक लाख पट लहान. हा 'एक लाख पट' नुसता ऐकून सोडू नका, शेतात मांडून बघा. ज्वारीचा एक दाणा घ्या, चार मिलिमीटरचा. त्याला केंद्रक समजा. लाख पटीने हिशोब केला तर अणूचा व्यास चारशे मीटर भरतो. चारशे मीटर लांब आणि तेवढंच रुंद रान म्हणजे जवळजवळ चाळीस एकर. चाळीस एकराच्या मधोमध ज्वारीचा एक दाणा ठेवायचा आणि सगळ्या रानाचं वजन त्या एका दाण्यात आहे असं मानायचं. उरलेल्या रानात इलेक्ट्रॉनांशिवाय काही नाही.

हे कळलं कसं? मँचेस्टरला रदरफर्डच्या हाताखाली गायगर आणि मार्सडेन यांनी १९०९ मध्ये सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले. बर्फीवरचा वर्ख डोळ्यापुढे आणा, तो पत्रा तसाच झिरझिरीत. अल्फा कण म्हणजे हेलियमचं केंद्रक, दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन. जवळजवळ सगळे कण पत्र्यातून सरळ पार गेले. थोडे वळले. हजारोंतून एखादा मात्र उलटा माघारी आला. थॉमसनने १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला त्यानंतर अणू म्हणजे धन प्रभाराचा गोळा आणि त्यात रुतलेले इलेक्ट्रॉन, असं मानत होते. तसं असतं तर एकही कण मागे फिरायला नको होता. मागे फिरला याचा अर्थ आत काहीतरी अगदी लहान, जड आणि धन प्रभाराचं बसलेलं आहे. रदरफर्डने हे १९११ मध्ये मांडलं. पेपरात 'रदरफर्डच्या प्रयोगाचे निष्कर्ष लिहा' असा प्रश्न आला की मुलं तीन वाक्यं ओळीने लिहून मोकळी होतात. त्यापेक्षा निरीक्षण आणि निष्कर्ष अशा जोड्या लावा. बहुतेक कण सरळ गेले, म्हणून अणू बहुतांशी रिकामा. काही वळले, म्हणून आत धन प्रभार. एखादाच परतला, म्हणून तो प्रभार आणि वस्तुमान फार लहान जागेत. जोडी लावून लिहिलं तर मार्क कापायला जागा राहत नाही.

न्यूट्रॉन सगळ्यात उशिरा सापडला, १९३२ मध्ये, चॅडविकला. प्रभारच नसलेला कण पकडणार कसा, म्हणून उशीर.

पायरी २: तीन प्रश्न, याच क्रमाने

कुठलाही अणू किंवा आयन (इलेक्ट्रॉन देऊन किंवा घेऊन प्रभार आलेला अणू) समोर आला की आधी विचारा: प्रोटॉन किती? मग न्यूट्रॉन किती? मग इलेक्ट्रॉन किती? क्रम बदलायचा नाही. इलेक्ट्रॉनपासून सुरुवात करणारी मुलं आयन आला की हमखास घसरतात.

प्रोटॉनांची संख्या म्हणजे अणुअंक, झेड. सातबाऱ्यावर गट नंबर असतो ना, तसा. रानात सोयाबीन असो की तूर, यंदा पड असो, गट नंबर तोच राहतो. नंबर बदलला की जमीनच दुसरी. १७ प्रोटॉन म्हणजे क्लोरिन, मग बाकी काही कमी-जास्त असो. १८ झाले की तो अरगॉन. अणुअंक हा आवर्तसारणीतला नुसता अनुक्रमांक नसून मोजता येणारी राशी आहे, हे मोस्ली या तरुण शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या मोजणीवरून दाखवलं. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला तो मारला गेला, वय २७.

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज म्हणजे अणुवस्तुमानांक, ए. म्हणून न्यूट्रॉन म्हणजे ए वजा झेड. चिन्हाच्या डाव्या बाजूला वर ए, खाली झेड आणि उजव्या बाजूला वर प्रभार लिहितात.

इथे एक खड्डा आहे आणि दरवर्षी निम्मा वर्ग त्यात पडतो. आवर्तसारणीत क्लोरिनच्या चौकटीत ३५.४५ लिहिलेलं असतं. तो अणुवस्तुमानांक नव्हे. न्यूट्रॉन मोजून येतात, ते अपूर्णांकात असूच शकत नाहीत. ३५.४५ मधून १७ वजा करून "न्यूट्रॉन १८.४५" असं लिहिलेली उत्तरपत्रिका मी तपासली आहे, आणि एकदा नाही. हा ३५.४५ कुठून येतो ते पायरी ५ मध्ये बघू, बोकडाच्या मदतीने.

पायरी ३: इलेक्ट्रॉन कवचात भरणे

कवचं आतून बाहेर: के, एल, एम, एन. कवचाचा क्रमांक घ्या, त्याचा वर्ग करा, दुप्पट करा, तेवढे इलेक्ट्रॉन त्यात जास्तीत जास्त मावतात. म्हणून २, ८, १८, ३२. सोडियम ११: २, ८, १. क्लोरिन १७: २, ८, ७. इथपर्यंत सरळ.

पोटॅशियमला, म्हणजे १९ ला गाडी अडते. एममध्ये १८ मावतात, मग २, ८, ९ का नाही? बरोबर उत्तर २, ८, ८, १ आहे. दहावीपर्यंत "सगळ्यात बाहेरच्या कवचात आठापेक्षा जास्त नसतात" असं सांगून वेळ मारून नेतात, आणि दहावीपुरतं ते चालतं. खरं कारण अकरावीत कळतं. कवचाच्या आत उपकवचं असतात: एस, पी, डी, एफ. एस मध्ये २ मावतात, पी मध्ये ६, डी मध्ये १०. पोटॅशियमच्या शेवटच्या इलेक्ट्रॉनला तिसऱ्या कवचातल्या डी पेक्षा चौथ्या कवचातला एस कमी ऊर्जेचा पडतो, म्हणून तो तिथे जातो. कॅल्शियमचंही तसंच: २, ८, ८, २. स्कँडियम, २१, पासून तिसऱ्या कवचाचा डी भरायला लागतो आणि आकडा ८ वरून ९ होतो. एवढं एक नीट लक्षात ठेवलं की संक्रामक मूलद्रव्यं अंगावर येत नाहीत.

बाहेरच्या कवचावरून संयुजा ठरते. सोडियमला एक द्यायचा असतो, क्लोरिनला एक घ्यायचा असतो, मीठ तयार. हे तुम्हाला येतं, पुढे जाऊ.

फक्त एक सांगून ठेवतो. कवच म्हणजे बैल जसा घाण्याभोवती फिरतो तशी आखलेली वाट, असं चित्र नील्स बोर या शास्त्रज्ञाच्या १९१३ च्या प्रारूपामुळे डोक्यात बसतं. हायड्रोजनपुरतं ते छान चालतं. पुढे इलेक्ट्रॉन अमुक क्षणी अमुक जागी आहे असं म्हणता येत नाही, कुठे सापडण्याची शक्यता किती एवढंच सांगता येतं. अणूची आकृती काढताना वर्तुळं काढा, हरकत नाही. ती वाट आहे असं मात्र समजू नका.

पायरी ४: आयन, आणि त्या मुलीच्या प्रश्नाचा अर्धा भाग

इलेक्ट्रॉन दिला तर धन आयन, घेतला तर ऋण आयन. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जागचे हलत नाहीत.

फ्लोरिन: प्रोटॉन ९, न्यूट्रॉन १०, इलेक्ट्रॉन ९. त्याने एक इलेक्ट्रॉन घेतला की फ्लोराइड: प्रोटॉन ९, न्यूट्रॉन १०, इलेक्ट्रॉन १०. बदललं काय? फक्त शेवटचा आकडा. म्हणून फ्लोराइड हा आयन. समस्थानिक म्हणायला न्यूट्रॉनचा आकडा बदलायला हवा होता, आणि निसर्गात मिळणाऱ्या फ्लोरिनला तर एकच स्थिर समस्थानिक आहे, फ्लोरिन-१९. बोअरमधला असो की टूथपेस्टमधला, केंद्रकात न्यूट्रॉन १०च.

एका इलेक्ट्रॉनचा फरक किरकोळ वाटतो, पण फ्लोरिन वायू हाताळायला मिळणाऱ्या सगळ्यात आक्रमक पदार्थांपैकी एक आहे. फ्लोराइड मात्र पाण्यात गुपचूप विरघळून राहतं. चव नाही, वास नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. अहवालात होतं २.१. अशा पाण्याने आधी दातांवर डाग येतात, वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं धरतात. पाण्याचं पुढे शेवटी बोलू.

वहीत करा: लोह, अणुअंक २६, अणुवस्तुमानांक ५६, प्रभार +३. प्रोटॉन २६. न्यूट्रॉन ३०. इलेक्ट्रॉन २३. "अधिक तीन" दिसलं की हात आपोआप बेरजेकडे जातो आणि २९ लिहिलं जातं. अधिक म्हणजे इलेक्ट्रॉन गेले. सोसायटीचं कर्ज जसं खात्यावर उणे दिसतं तसा इलेक्ट्रॉन हा उणेच्या खात्यातला. कर्ज फिटलं की खातं अधिककडे सरकतं.

पायरी ५: समस्थानिकं, आणि साडेपस्तीस किलोचा बोकड

प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन वेगळे, म्हणजे समस्थानिकं. आवर्तसारणीत दोघांची जागा एकच, म्हणून 'सम-स्थान'. सॉडीने १९१३ मध्ये ही कल्पना मांडली. त्याच्यासाठी ग्रीकमधून 'आयसोटोप' हा नेमका शब्द सुचवला तो मार्गारेट टॉड या डॉक्टर बाईंनी, आणि त्याचाही अर्थ 'तीच जागा' असाच होतो. आपला मराठी शब्द त्यामुळे मूळ शब्दाइतकाच चपखल बसला आहे.

हायड्रोजनची तीन. साध्यात न्यूट्रॉन शून्य, ड्यूटेरियममध्ये एक, ट्रिटियममध्ये दोन. ट्रिटियम किरणोत्सारी, म्हणजे आपोआप मोडत जाणारं, बाकी दोन स्थिर. ड्यूटेरियमचं पाणी ते जड पाणी. साध्या पाण्यापेक्षा घनता सुमारे ११ टक्के जास्त, गोठतं ३.८ अंशांना, आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर बुडतो. हे पाणी कुठे परदेशात मिळतं असं नाही. दर साडेसहा हजारांच्या आसपास हायड्रोजन अणूंमागे एक ड्यूटेरियमचा असतोच. घरी येतो तो वीस लिटरचा जार घ्या. त्यात साधारण पाऊण ग्रॅम ड्यूटेरियम आहे. नांदेडवरून पुढे तेलंगणात गेलेल्या गोदावरीच्या काठावर मणुगुरूला जड पाण्याचा कारखाना आहे. तिथे अणुभट्ट्यांसाठी ते वेगळं काढतात.

आता बोकड. उस्मानाबादी शेळ्या आपल्याकडे घरोघरी. समजा बाजारात चार बोकड आणले: तीन पस्तीस किलोचे, एक सदतीस किलोचा. सरासरी काढा: १०५ अधिक ३७ म्हणजे १४२, भागिले ४, साडेपस्तीस. आता गिऱ्हाईक म्हणालं, "मला तो साडेपस्तीस किलोचा द्या," तर काय देणार? तसा बोकड दावणीला नाहीच. क्लोरिनचं अगदी असंच आहे. निसर्गात क्लोरिन-३५ आणि क्लोरिन-३७ साधारण तीनास एक या प्रमाणात असतात, आणि ३५.४५ वजनाचा क्लोरिनचा एकही अणू जगात नाही.

नेमकं गणित करू. क्लोरिन-३५ आहे ७५.७७ टक्के, क्लोरिन-३७ आहे २४.२३ टक्के.

३५ × ०.७५७७ = २६.५२
३७ × ०.२४२३ = ८.९७
बेरीज = ३५.४९ (दशांश पुढे धरले तर ३५.४८)

पुस्तकात ३५.४५ आहे. चूक कुठे झाली? गणितात नाही. ३५ हा प्रोटॉन-न्यूट्रॉनांचा आकडा आहे, वजन नव्हे. कण केंद्रकात एकत्र बांधले जाताना थोडी ऊर्जा बाहेर पडते आणि तेवढं वस्तुमान कमी होतं. त्यामुळे क्लोरिन-३५ चं खरं वस्तुमान ३४.९६९ एकक आणि क्लोरिन-३७ चं ३६.९६६. हे आकडे घालून परत करा, ३५.४५ येतं. हे एकक कार्बन-१२ वरून ठरवलेलं आहे, त्याच्या अणूचं वस्तुमान बरोबर १२ मानतात. परीक्षेत नेमकी वस्तुमानं दिली असतील तर ती वापरा, नसतील तर ३५ आणि ३७ वर काम चालवा.

उलटं गणितही येतं. बोरॉनचं सरासरी वस्तुमान १०.८१, समस्थानिकं १० आणि ११, प्रमाण काढा. बोरॉन-१० चे क्ष टक्के धरा.

१० क्ष + ११ (१०० − क्ष) = १०८१
११०० − क्ष = १०८१
क्ष = १९

म्हणजे १९ टक्के आणि ८१ टक्के. नेमकी वस्तुमानं घातली तर २० आणि ८० च्या जवळ जातं. उत्तर आलं की एक नजर टाका: सरासरी ११ कडे झुकलेली आहे, म्हणजे बोरॉन-११ च जास्त असायला हवं. उलटं आलं असेल तर मांडणीत अदलाबदल झाली आहे. ही पडताळणी पाच सेकंदांची आहे आणि मुलं ती करत नाहीत.

किती समस्थानिकं असावीत याला नियम वाटावा असं काही दिसत नाही. सोनं, सोडियम, ॲल्युमिनियम, आयोडिन यांची स्थिर समस्थानिकं एकेकच. आणि पितळी पातेल्याला कल्हई करताना जे कथिल लावतात त्याची तब्बल दहा, सगळ्या मूलद्रव्यांत जास्त. कल्हईवाला आता गावात दिसत नाही, पण दिसला तर त्याच्या कथिलाच्या कांडीत दहा प्रकारचे अणू आहेत हे त्याला सांगा, खूश होईल.

पायरी ६: रसायन सारखं, पण अगदी सारखं नाही

समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखे, कारण इलेक्ट्रॉन सारखे. थायरॉइडच्या उपचारात याचाच फायदा घेतात. थायरॉइड ग्रंथीला आयोडिन लागतं. किरणोत्सारी आयोडिन-१३१ दिलं तरी तिला फरक कळत नाही, ती ते आपलंच समजून ओढून घेते.

पण पुस्तकात 'सारखे' लिहिलं आहे त्यापुढे मी पेन्सिलने 'जवळजवळ' लिहायला लावतो. जड समस्थानिक जरा हळू हलतं, बंध तुटायला जरा जास्त वेळ घेतं. हा फरक ताटात दिसतो. हवेतल्या कार्बनमध्ये सुमारे १.१ टक्का कार्बन-१३ असतो, बाकी बहुतेक कार्बन-१२. गहू, तांदूळ, तूर, सोयाबीन ही पिकं हवेतून कार्बन घेताना जड कार्बन थोडा जास्त वगळतात. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांची कार्बन घेण्याची पद्धत वेगळी, ती तितका वगळत नाहीत. दोन गटांत फरक हजारात चौदाच्या आसपास, पण यंत्राला तो स्वच्छ दिसतो. मधात उसाची साखर मिसळली तर या फरकावरून पकडता येते, कारण मधमाश्या ज्या फुलांवर जातात ती बहुतेक पहिल्या गटातली. भाकरी खाणाऱ्याच्या आणि पोळी खाणाऱ्याच्या शरीरातला कार्बनही असाच जरासा वेगळा.

पायरी ७: चाळीसचे तीन भाऊ

आता समभारिक. अणुवस्तुमानांक तोच, प्रोटॉन वेगळे. समस्थानिकाच्या अगदी उलट. एकच त्रिकूट पाठ करा: अरगॉन-४० (प्रोटॉन १८, न्यूट्रॉन २२), पोटॅशियम-४० (१९ आणि २१), कॅल्शियम-४० (२० आणि २०). तिन्हींची बेरीज ४०, तिन्ही वेगळी मूलद्रव्यं. एक निष्क्रिय वायू, एक पाण्यात टाकला की पेट घेणारा धातू, एक हाडातला.

यातला मधला भाऊ अस्थिर आहे. पोटॅशियममध्ये तो अगदी थोडा, ०.०१२ टक्क्यांच्या आसपास, आणि अर्धायुकाल १२५ कोटी वर्षं. अर्धायुकाल म्हणजे जेवढे अणू आहेत त्यातले निम्मे संपायला लागणारा वेळ. मोडताना पोटॅशियम-४० दोन वाटांनी जातो. शंभरातले सुमारे ८९ कॅल्शियम-४० होतात: एक न्यूट्रॉन प्रोटॉनमध्ये बदलतो आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. ११ च्या आसपास अरगॉन-४० होतात: केंद्रक आपल्याच अणूतला बाहेरचा एक इलेक्ट्रॉन गिळतं आणि एक प्रोटॉन न्यूट्रॉन होतो. दोन्हीकडे बेरीज ४०च राहते. वर दिलेले आकडे पुढे ठेवून ताळा करा.

हे लांबचं वाटत असेल तर अर्धापूरचं केळं हातात घ्या. एका केळ्यात साधारण अर्ध्या ग्रॅमला थोडं कमी पोटॅशियम, आणि त्यात दर सेकंदाला दहा-पंधरा अणू मोडत असतात. तुम्ही हे वाचताय तेवढ्यात तुमच्या शरीरात दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास मोडले. घाबरून केळं टाकू नका. शरीर जादा पोटॅशियम बाहेर टाकतं आणि पातळी तेवढीच ठेवतं.

केळ्यापेक्षा मला दगड जास्त आवडतो. मराठवाड्याचा बहुतेक भाग उभा आहे तो काळ्या फत्तरावर. वेरूळचं कैलास लेणं त्याच फत्तरात कोरलेलं, आपल्या विहिरींनाही सुरुंग लावावा लागतो तो त्याच्याचमुळे. हा फत्तर म्हणजे थिजलेला लाव्हा. तो वितळलेला होता तेव्हा त्यातला अरगॉन वायू निसटून गेला. दगड थिजला तसा नवीन तयार होणारा अरगॉन-४० आत अडकायला लागला. म्हणजे घड्याळ शून्यावर लावलं गेलं. आज त्यातला पोटॅशियम आणि अरगॉन मोजून दख्खनच्या या थरांचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं निघतं. गंमत अशी की ६.६ कोटी वर्षांत पोटॅशियम-४० पैकी जेमतेम साडेतीन टक्के मोडला आहे, आणि त्याचा नववा हिस्साच अरगॉन झाला. एवढ्याशा हिश्शावर सगळा हिशोब.

हवेतला अरगॉनही बहुतेक असाच, पोटॅशियम मोडून साठलेला अरगॉन-४०. म्हणून अरगॉनचं सरासरी वस्तुमान ३९.९५ भरतं, आणि त्याच्या नंतरच्या पोटॅशियमचं ३९.१०. वजनाप्रमाणे लावलं असतं तर अरगॉन चुकीच्या घरात गेला असता. अणुअंकाने लावलं म्हणून सारणी सरळ राहिली. "आवर्तसारणीतली विसंगती" या दोन मार्कांच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या पायाखालच्या दगडातच आहे.

अर्धायुकालाचं गणित करताना सूत्राकडे धावू नका, आधी निम्मं-निम्मं करून बघा. आयोडिन-१३१ चा अर्धायुकाल ८ दिवस. २४ दिवसांनी किती उरेल? ८ दिवसांनी निम्मं, १६ ला पाव, २४ ला आठवा भाग. कार्बन-१४ चा ५७३० वर्षं: जुन्या लाकडात पाव भाग उरला असेल तर दोनदा निम्मं झालं, ११,४६० वर्षं. कार्बन-१४ आणि नायट्रोजन-१४ हेही समभारिकच. त्या दोघांत न्यूट्रॉन किती किती, तुम्हीच सांगा.

वहीत सोडवायला

१. क्लोरिन-३७ पासून झालेल्या क्लोराइडमध्ये तिन्ही कण किती?
२. युरेनियम-२३५ आणि युरेनियम-२३८ मध्ये न्यूट्रॉन किती? (अणुअंक ९२)
३. प्रोटॉन १२, न्यूट्रॉन १२, इलेक्ट्रॉन १०. कोण आहे?
४. सोडियम आयन, निऑन अणू आणि फ्लोराइड आयन यांत समान काय?

उत्तरं झाकून ठेवा. पहिल्याचं १७, २०, १८. दुसऱ्याचं १४३ आणि १४६. तिसरा मॅग्नेशियम-२४ चा आयन, प्रभार +२. चौथ्यात तिन्हींचे इलेक्ट्रॉन १०, आणि प्रोटॉन अनुक्रमे ११, १०, ९. इलेक्ट्रॉन तेवढेच पण ओढणारे प्रोटॉन कमी, म्हणून तिघांत फ्लोराइड आकाराने मोठं. यावर आयनांच्या आकाराचा अख्खा धडा उभा आहे.

त्या मुलीने हे सगळं ऐकून घेतलं, अहवालाच्या मागच्या बाजूला ९, १०, १० असं लिहिलं, आणि मग तिला खरं विचारायचं होतं ते विचारलं. "माय पाणी उकळून देते. त्यानं जातं का हे?"

मी तिलाच हिशोब करायला लावला. एक लिटर पाणी, त्यात २.१ मिलिग्रॅम फ्लोराइड. उकळून पाऊण लिटर उरलं. वाफ होऊन गेलं ते पाणी. फ्लोराइड आयन आहे तिथेच. २.१ भागिले ०.७५.

तिने दोनदा करून बघितलं. २.८ येत होतं.

"म्हणजे वाढलं की सर," ती म्हणाली, आणि कागदाची घडी घालता घालता विचारलं, आरओच्या पाण्याची तपासणी कुठे करून मिळते.